टाचणीशिवायचा हिजाब

बाळाला लस टोचायची म्हणून दवाखान्यात नंबराची वाट पाहत होते. आज ताप येणार का, याच घोरात होते, तेवढ्यात शेजारच्या बाकावर दोघी बहिणींचं खुसुखुसू सुरू झालं. थोरलीच्या मांडीवर लेक झोपला होता. धाकटी हॉटेलच्या किचनमध्ये कामाची परीक्षा देऊन थेट आली होती.

"आपा, काल हिजाबाची एक टाचणी सापडेना, तर सूपचं अख्खं पातेलं गाळायला लावलं मला!"

"मग सापडली?"

"माझ्याच कानामागे! आचारी म्हणाला, उद्या टाचणी दिसली तर शेगडी विसर, कांदेच सोलत बस."

"आणि ते लोंबतं टोक? जाळाजवळ गेलं तर? माझा जीव टांगणीला असतो गं."

"म्हणून तर नवा शिवला. टोपीसारखा डोक्यातून घालायचा, खालचं सगळं किचनच्या कोटाच्या आत. मऊ सुती आहे, घामही टिपतो."

"एवढं छान कापड कुठून आणलंस?"

"तुझ्या दोरीवरून."

"म्हणजे?"

"दुलाभाईंचा करडा टी-शर्ट. तुझ्याच नवऱ्याचा!"

"अगं बये! सकाळपासून कपाट उपसतायत ते! माझ्यावर आळ घेतला, म्हणे फरशी पुसायला काढलास!"

"हळू! बाळं उठतील."

"उठू देत. आचारी काय म्हणाला ते सांग आधी."

"आज दिवसभर शेगडीपुढे उभं केलं. निघताना म्हणाला, उद्यापासून ही शेगडी तुझी."

"खरंच? ये इकडे, आधी मिठी मार!"

"पण आपा, रोज धुवायचा म्हणजे अजून एक लागेल ना. त्यांचा निळापण सुतीच आहे."

"अगं, तो आत्ता त्यांच्या अंगात आहे!"

"आंघोळीला तर काढतील!"