नाथाजी ऑफ हाय

तुमास्नी सांगतो, इंग्रजी मला पाण्यासारखं येतं… म्हंजी आमच्या कवठे महांकाळकडं नळाला पाणी येतं तसं, आलं तर आलं! पण त्या 'ऑफ'नं पार वाट लावली बघा माझी. मोटर बंद पडली, ऑफ. सून समीक्षा गप गप, विचारलं तर म्हणती, "मामा, मूड ऑफ आहे." सांगलीत दुकानाला पाटी, साडीवर निम्मं ऑफ! म्हंजी काय, पदर हाय आन निऱ्या न्हाईत? आन लालासाहेब मास्तर सांगत आला, "वरच्या आळीचा म्हातारा ऑफ झाला," तवा आमी लाकडं गोळा करायला पळालो. तवाच ठरवलं, माणसाला लावलं की ऑफ म्हंजी ऑफ!

तर आमच्या गावचा नाथाजी, माझा लंगोटीयार, सांगलीला विश्रामबागेत एका हापिसात वॉचमन. परवा फोन लावला, तर स्विच ऑफ. म्हटलं, असंल. हापिसात लावला. पोरगी गोड आवाजात म्हणती, "नाथाजीकाका आज ऑफ आहेत."

"आरं देवा! कवा गं?"

"रात्रपाळी केली आणि सकाळी गेले."

"आन तू हसत सांगतीस?"

"अहो, हक्कच आहे तो त्यांचा!"

हक्क! घ्या! स्टँडवरच्या टपरीवर जाऊन बोंबललो, "नाथाजी ऑफ!" कोण हललं का? धुळा म्हणतो, "गेल्या शिमग्याला तू मलाच मेला म्हणून खोटं उठवलंवतंस की रं! बायकू माहेरास्नं रडत आली माझी!" आवं, माझ्या डोळ्यांतनं खरंच पाणी, तर म्हणत्यात, "काय वठवतंय म्हातारं, लय भारी!"

गेलो एकटाच. एस्टीत मांडीवर हार, मिरज येईस्तोवर रडतोय, शेजारची बाई सरकून सरकून खिडकीला चिकटली… नाथाजीच्या खोलीचं दार वाजवलं, तर उघडलं कुणी? नाथाजीनंच! अंगात बनियन, तोंडात भाकरी!

"आरं, तू ऑफ न्हवं?"

"व्हय, सुट्टी हाय आज."

सुट्टी! मग सुट्टी म्हणायला त्या पोरीची जीभ झडत हुती? ऑफ म्हंजी ऑफ! तिथंच गळ्यात पडलो त्याच्या, फोनचं सगळं सांगितलं. वाटलं, गडी पोट धरून हसंल. पण त्यो हाराकडं बघतोय, मग माझ्या मागं रिकाम्या रस्त्याकडं बघतोय…

"गावात सांगितलंस?"

"सगळ्यास्नी."

"मग एकबी आला न्हाई व्हय रं?"