ताटावरचं पान

मंडळी, ऐका. आज तुम्हाला एक प्रश्न विचारतो, उत्तर लगेच देऊ नका. ताट वाढलेलं आहे, अन्न गरम आहे, समोर माणूस बसलेला आहे — आणि तरी तो माणूस उपाशी राहिला! तर पाप कुणाचं? वाढणाऱ्याचं? जेवणाऱ्याचं? का जो वर बसून बघतो त्याचं?

कुजबुज नको. पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. असं!

एक होत्या कुमुदताई. वय वर्षं शहात्तर. यजमान श्रीपादराव, हायस्कुलात भूमितीचे मास्तर. आता ब्याऐंशीचे. आणि गेली चार वर्षं मास्तरांचं डोकं हळूहळू कोरं होत चाललेलं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग लेकीचं, वृंदाचं गेलं. मग एका सकाळी बायकोला म्हणाले, "बाई, आपण कुठल्या?"

हसू नका! पंचावन्न वर्षांच्या संसारानंतर नवरा विचारतो, आपण कुठल्या. कुमुदताई काय म्हणाल्या? "मी इथलीच." आणि चहा पुढे केला.

सगळं गेलं, पण एक गोष्ट राहिली. जेवायला बसले की मास्तर विचारायचे, "नैवेद्य झाला?" त्या घरातली रीतच तशी. वरण-भाताचं पहिलं ताट रामापुढे जायचं, वर तुळशीचं पान ठेवायचं, आणि तेच ताट तसंच उचलून मास्तरांपुढे. पान दिसलं की हात ताटाकडे जायचा. बायकोला न ओळखणारा माणूस तुळशीचं पान ओळखायचा, मंडळी!

आणि मग कुमुदताई न्हाणीघरात घसरल्या. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. कामाची बाई गावी गेलेली. आता डाव्या हाताने कुकर लागतो का हो? बसा एकदा लावायला!

फोन मात्र खूप आले. "कुमुदताई, काही लागलं तर सांगा हं!" किती गोड वाक्य आहे! म्हणणारा मोकळा, आणि ऐकणारी संकोचाने गप्प. कोण सांगणार, मला भात लागतो म्हणून?

पहिल्या दिवशी दूध-बिस्किट. मास्तरांनी विचारलं, "नैवेद्य झाला?" ताईंनी पान न ठेवताच बशी पुढे केली. कारण विकतचं रामापुढे ठेवायचं नाही, ही त्यांच्या सासूबाईंची शिस्त. बिस्किटावर तुळस कशी ठेवणार? मास्तरांनी बशी सरकवली. दुसऱ्या दिवशी ब्रेड. सरकवला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि म्हणाले, "ताई, उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि ते ती ओढणार. म्हणजे हात बांधावे लागतील."

हात बांधायचे! ज्या हाताने फळ्यावर कंपास न घेता वर्तुळ काढलं, तो हात पलंगाच्या दांडीला!

वृंदा बंगळुरूला. ती फोनवर रडली आणि म्हणाली, "आई, बेकरीतून किश पाठवते. तयार असतो, नुसता गरम करायचा."

"कसला गं?"

"अगं, मैद्याची खोलगट पोळी असते, तिच्यात दूध, चीज, पालक. मऊ असतं, बाबांना चावायला नको. आणि बिनअंड्याचा सांगितलाय, मुद्दाम!"

आला खोका. आत बर्फासारखा गार, चकतीसारखा गोल पदार्थ. वृंदानेच पाच वर्षांपूर्वी एक ओव्हन पाठवला होता. त्यात ताई काय ठेवायच्या? पापडाचे डबे! तुमच्याकडे काय ठेवता? मला माहीत आहे, मी पाहिलेत तुमचे ओव्हन!

तर डाव्या हाताने एकेक डबा बाहेर काढला. खोक्यावरची बारीक अक्षरं नाकाशी धरून मोठ्याने वाचली. "एकशेऐंशी अंश... वीस मिनिटं."

आणि आतून, पलंगावरून आवाज आला — "त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज."

ताई खोक्यासकट दारात! नैवेद्याचं सोडून तीन दिवसांत पहिलं वाक्य! "काय म्हणालात? अहो, काय म्हणालात?" पण तेवढंच. तरी ताईंना वाटलं, जेवतील. आज हे जेवतील!

वीस मिनिटं त्या ओव्हनच्या काचेसमोर उभ्या राहिल्या. वर सोनेरी साय धरली, घरभर भाजल्या दुधाचा वास सुटला. काढताना डाव्या हाताचा अंगठा भाजला. तसाच तुकडा कापला, त्रिकोणी. ताटात ठेवला. मास्तरांना उशीला टेकवून बसवलं.

मास्तरांनी तुकड्याच्या टोकावर बोट ठेवलं. "कोन," म्हणाले. आणि ताईंकडे बघून हसले हो, हसले!

"नैवेद्य झाला?"

कुमुदताई जन्मात पहिल्यांदा खोटं बोलल्या. "झाला."

मास्तरांनी ताट निरखलं. बोटाने वरची साय उचलून खाली पाहिलं. चोहोकडून पाहिलं. "पान?" म्हणाले. "पान कुठंय?"

ताई धावल्या. गॅलरीत तुळस. हात पुढे केला आणि आठवलं, आज द्वादशी! द्वादशीला तुळस खुडायची नाही. कुंडीत गळलेलं पान शोधलं. नव्हतं. शेवटी डोळे मिटून खुडलं. "रामा, पाप माझं."

ताट घेऊन देवापुढे आल्या आणि तिथेच थांबल्या. विकतचं! सासूबाई गेल्या त्याला तीस वर्षं झाली, पण त्या क्षणी मागे उभ्या. ठेवू का नको? एका हातात ताट, गळ्यातल्या झोळीत प्लास्टर, डोळ्याला धार. नमस्कार करायला दुसरा हातही नाही! किती वेळ गेला? ताई मला म्हणाल्या, "बुवा, पाव तास असेल." पाव तासाने त्यांनी ते ताट रामापुढे टेकवलं. पान ठेवलं. उचललं. आत नेलं.

साय गार होऊन आखडली होती. मास्तर भिंतीकडे वळले होते.

"अहो, झाला नैवेद्य! खरंच झाला! हे बघा पान!"

मास्तरांनी मान वळवली. ताटावरून पान उचललं. फक्त पान. तोंडात ठेवलं. आणि ओठ मिटले.

ताईंनी घास पुढे केला. मिनत्या केल्या. रागावल्या. "एवढा एक कोन खा हो!" म्हणाल्या. ते ओठ उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी नळी. दोन्ही हातांना पट्ट्या.

ताई घसरल्या त्याला आज नववा दिवस आहे, मंडळी. हो, आज! परवाचीच गोष्ट सांगतोय मी. मी काल गेलो होतो. मास्तरांची बोटं पट्टीतून चादरीवर रेघा ओढत असतात. ताईंनी मला विचारलं, "बुवा, माझंच चुकलं ना? मी पाव तास उभी राहिले नसते तर?" मी कीर्तनकार! तोंडाला कधी खीळ नाही! आणि मी नुसता चपला घालून निघालो.

आता ओळखल्यात का कुमुदताई? तो तिसरा खांब बघा. त्याच्याशी तीस वर्षं बसल्या त्या. या राममंदिरातला रामजन्माचा सुंठवडा कुणाच्या घरून यायचा? वाटीभर जास्त कुणी मागून घेतला? तुमची बाळंतपणं झाली तेव्हा डिंकाचे लाडू कुणी पोचवले?

खाली नका बघू. मीही त्या घरी सात वर्षं जेवलोय. आणि कालपर्यंत माझाही फोनच गेला — "काही लागलं तर सांगा हं."

पाव तास त्या का थांबल्या? विकतचं होतं म्हणून! तुमच्या-माझ्या घरचा मूठभर वरण-भात त्या दारात गेला असता, तर त्यांनी तो डोळे झाकून रामापुढे ठेवला असता. एक क्षण थांबल्या नसत्या. पान पडलं असतं, घास उतरला असता. मग आता सांगा मला, पाप कुणाचं?

आरतीची घाई नको. आरती करू. पण घरी गेल्यावर मांडणीवर हात घाला. मागे कुठेतरी त्या लाडवांचा एक स्टीलचा डबा सापडेल, बुडाशी कोरलेलं, कु. श्री. जो. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत ना?

उद्या सकाळी भरून न्या. मास्तरांसाठी उशीर झाला. पण त्या घरात अजून एक माणूस आहे, आणि नऊ दिवस तिला कुणी विचारलेलं नाही — बाई, तुम्ही जेवलात का?

वाजवा आता टाळ. वाजत असतील तर.