पाठीवरचा डबा

आम्ही दारव्ह्याचेच. माहा बाप मोटारी बांधे, म्हणजे शेतावरच्या पंपाची मोटार जळाली का तिच्यातला जुना तार काढून नवा तांब्याचा तार भरे, अन् मी आठवीतून शाळा सोडली अन् त्याच्याच बाजूले पोतं टाकून बसलो, ते आज अठ्ठेचाळीस वर्षाचा झालो तरी तेच काम करून राह्यलो. नाव रफिक, पण नुसतं रफिक म्हणाल तं बाजारात चार रफिक निंगतील, रफिक मोटारवाला म्हणा, मंग कोणीबी दुकान दाखोते. काम अर्धं दुकानात अन् अर्धं विहिरीत, कारण आमच्या इकडच्या जुन्या विहिरीत पंप वर नसते, आत पाण्याच्या जरा वर लोखंडी पाटावर बसोलेला असते, तो बिघडला का मिस्त्रीले भिंतीतल्या कड्या धरून खाली उतरा लागते.

अशा मी बावीस वर्ष विहिरी उतरलो, अन् काय सांगू तुम्हाले, मले पोहता येत नव्हतं. हे कोणालेच माहीत नव्हतं, नसरीनलेही नाही, नसरीन म्हणजे माही बायको. मिस्त्रीले कोणी इचारतच नाही ना का बाबा तुले पोहता येते का, विहिरीत उतरते म्हणजे येतच असंन, असं धरून चालतात लोकं, अन् मीही चालू देलं. पहिल्या कडीवर पाय ठेवला का बिस्मिल्ला म्हणो अन् खाली पाहतच नव्हतो, सारं काम एका हातानं, दुसरा हात कडीवर. बावीस वर्ष.

आता वजन कसं वाढलं ते सांगतो. आमच्याकडं रीत अशी का मोटार चालू झाली, पाटात पाणी पडलं, का मिस्त्रीले जेवू घालतात. मिस्त्री उपाशी गेला तं मोटार टिकत नाही म्हणतात, अन् नाही म्हटलं तं शेतकऱ्याचं तोंड उतरते, त्याले वाटते ह्याले आमच्या घरचं चालत नाही का काय, अन् माहं नाव पडलं रफिक, मंग तं म्हणाचंच नाही. दिवसाले तीन शेतं तं तीन जेवणं, अन् घरी आल्यावर नसरीनचं चौथं. मी जेवत गेलो. आठवडी बाजाराच्या दिवशी कापसाचा काटा असते ना, गाठोडी मोजाचा, त्याच्यावर एकडाव पोट्ट्यायनं हसत हसत मले चढोलं, तं एकशे अठरा किलो. काटेवाला शेठ म्हणे, ओल्या कापसाचं आम्ही थोडं कापून धरतो, तुह्यं किती कापू. सारे हसले, मीही हसलो, कारण जाड माणसानं पहिले स्वतः हसा लागते, हे शिकलेलो होतो.

मंग ती गोष्ट झाली. गव्हाच्या ओलिताचे दिवस होते, बोरी अरबच्या शिवारात शांताकाकूची विहीर आहे, काकू म्हणजे साठीच्या वरच्या, तोंडानं कडक, त्यायचा पोरगा दिलीपभाऊ शेती पाहते. तिथं पाण्यातला व्हॉल, म्हणजे पाइपच्या तोंडाची झडप, अडकलता. मी उतरलो, शेवटून दुसऱ्या कडीवर पाय देला, अन् ती कडी दगडातून अशी निंगाली जशी काही गाजर उपटलं. मी पाण्यात. गळ्यालोक पाणी अन् हातात पंपाचा पाइप, बस. वरची कडी हातभर दूर, पण स्वतःचं अंग मले वर वढताच येईना, दोनदा केलं, तीनदा केलं, अन् पाइप करकर वाजे. वरून दिलीपभाऊ म्हणे, मिस्त्री, पोहून इकडच्या कडीकडं या ना, चार हात तं आहे. मी काय सांगू त्याले. मी म्हटलं पायात गोळा आला. खोटं बोललो, मरता मरता खोटं बोललो पाहा.

मले कसं काढलं म्हणता, तं बैल विहिरीत पडला का जे पट्टे लावतात ना पोटाखालून, ते पट्टे लावले. ट्रॅक्टरले दोर बांधला अन् मले वढलं. अर्ध्यात दोर थांबला, ट्रॅक्टर बंद पडला, अन् मी लटकलेलो, पट्टा पोटात रुतलेला, श्वास घेता येईना, खाली काळं पाणी, त्या वक्ताले मले नसरीन दिसली अन् वाटलं आता संपलं. वर आलो तं गहू ओलवणाऱ्यांपैकी कोणीतरी मोबाइल धरून उभा, अन् म्हणे, निंगाला रे बैल. दुसऱ्या दिवशी दारव्ह्यात ज्याच्या त्याच्या मोबाइलात मी लटकून राह्यलो. माह्या स्वतःच्याही मोबाइलात आला तो व्हिडिओ, साळ्यानं पाठोला.

त्याच्यानंतर काम बंद पडल्यासारखंच झालं. लोकं म्हणत, तू दुकानात मोटार दुरुस्त कर, उतराले आम्ही दुसरा आणतो. अन् खरं सांगू, मले उतराचंही नव्हतं. विहिरीच्या काठाजवळ गेलो तरी पोटात तो पट्टा आवळल्यासारखं होये. घरात चिडचिड, नसरीन काही बोलली का मी अंगावर जाऊ. एका विहिरीवाल्या मिस्त्रीनं विहिरीत उतरणं सोडलं तं राहते काय त्याचं, तुम्हीच सांगा.

आठ दिवसानं मी शांताकाकूकडं सामान आणाले गेलतो, माही थैली तिथंच राह्यलती. दिलीपभाऊ नव्हता. काकू विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे पाइपचं पाणी पडते त्या दगडी कुंडीवर, बसून हरभरा सोलून राह्यल्या होत्या. मले म्हणे, बस बाबू. मंग म्हणे, तुले त्या दिवशी भ्याव कायचं वाटलं, बुडून मराचं का लोकायच्या हासण्याचं? काकू म्हणे, गोळा नव्हता आला तुले, मी वरून पाहून राह्यलती, तुले पोहता येत नाही. बावीस वर्ष कोणाले कळलं नाही ते त्या बाईनं एका नजरेत ओळखलं. माहे डोळे भरून आले, खोटं कायले बोलू.

काकूचं माहेर पैनगंगेच्या काठचं, लहानपणी नदी पार करून पलीकडं बोरं तोडाले जात म्हणे. गावातल्या निम्म्या पोरायले त्यायनंच पोहणं शिकवलं. म्हणे, मी शिकवीन, पण गुडघे गेले माहे, मी पाण्यात येणार नाही, काठावरूनच बोंबलीन. अन् दुसरी गोष्ट म्हणे, जेवण कमी कर, नाहीतर तुले काढाले मले दरवेळेस ट्रॅक्टर कुठून भेटते. मी म्हटलं काकू, लोकायच्या घरी नाही म्हणवत नाही. त्या म्हणे, मिस्त्री उपाशी गेला नाही पाहिजे एवढंच आहे ना, पोट फुटेलोक खाल्लं पाहिजे असं कोणी सांगतलं? चतकोर भाकर मोडाची, दोन घास खायचे, ताटाले नमस्कार करून उठाचं. दुरुस्त मोटार पोचवाले शेतावर गेलो का ते मी धरलं. पहिले पहिले लोकं रागावले, मंग चतकोरवाला मिस्त्री म्हणाले लागले, म्हणू द्या.

पोहणं घरी नाही सांगतलं. रोज पहाटची फजरची नमाज झाली का बोरी अरबकडं पायी निंगो, अर्ध्या वाटेवर जीप भेटे. काकूनं तेलाचा रिकामा पिपा, म्हणजे पंधरा किलोवाला डबा, तोंड बंद करून माह्या पाठीवर बांधला अन् म्हणे, सोड कडी. मी सोडत नव्हतो. चार दिवस मी नुसता कडी धरून पाण्यात लटकलो अन् काकू वरून शिव्या देऊन राह्यल्या. पाचव्या दिवशी सोडली, अन् आश्चर्य म्हणजे मी बुडलोच नाही, तरंगलो, महिन्याभरात डबाही सोडला तरी तरंगलो, पाठीवर निजून आभाळ पाहो, हातपाय न हालवता. मले वाटलं आलं आपल्याले. काकू म्हणे, हे पोहणं नाही बाबू, हात मार. मी कायले मारतो हात, आरामात पडलेलो.

मंग पाऊसपाण्याचे दिवस आले, विहीर गढूळ, काकू म्हणे आता दिवाळीलोक उतराचं नाही. मी चालणं सोडलं नाही. एक जुनी सायकल घेतली, तिच्यावर बसलो तं पहिल्याच दिवशी मागच्या चाकाचे दोन तार तुटले, पण हळूहळू जमलं, मंग सायकलनं शेतं फिरो. अन् एक नवीनच नाद लागला, विहिरीचे फोटो काढाचा. वरून, काठावर वाकून. काही विहिरी दगडाच्या किती सुंदर बांधलेल्या आहेत, पायऱ्या काय, देवळ्या काय, बावीस वर्ष मी त्यायच्या पोटात जाऊन एकडावही पाह्यल्या नव्हत्या, खाली पाहाचंच भ्याव ना. ज्या मोबाइलात तो व्हिडिओ होता त्याच मोबाइलात आता साठ-सत्तर विहिरी झाल्या. वजन मात्र लय हळू जाये. महिन्याले दोन किलो, कधी तीन, रमजानात भज्यायनं तीन वाढलं, मी कापसाच्या काट्यावरून उतरून रडकुंडीले आलतो, शेठ म्हणे, असू दे, यंदा पीकच चांगलं आहे. पुढच्या उन्हाळ्यालोक सत्त्याऐंशीवर आलो. बाजारातून चालताना लोकं मुद्दाम थांबून पाहत, अन् मी मान वर करून चालो. लग्नात फोटो काढताना पहिले मी मागं लपो, आता पुढं उभा राहो.

अन् तिथंच माही चूक झाली. दिवाळीनंतर कामाच्या नादात गेलोच नाही, सरळ चैतात काकूकडं गेलो, काकू म्हणे, डबा बांध, वर्षाचा खंड पडला. मी म्हटलं, काकू, डबा तं मागच्याच वर्षी सुटला, आता तं मी अर्धा झालो, हलका झालो, आणखी चांगला तरंगीन. काठावरून सरळ उडी मारली. वर आलो, पाठीवर निजलो जसा पहिले निजो, अन् पाय खाली जाले लागले. पाय गेले, मंग कंबर, मंग नाकात पाणी. मी म्हणतो हे काय झालं, मी तं हलका झालो. खरी गोष्ट अशी होती का मागच्या साली मले माही चरबी तरंगवत होती, मी नाही, अन् ती चरबी मी वर्षभर घाम गाळून काढून फेकली होती. पण ते तवा कुठं कळते. पहिल्यांदा पाणी गिळलं, डोळ्यापुढं हिरवं हिरवं, कानात धब् धब्. कडी कुठं, पाइप कुठं, काहीच दिसेना. वर आलो तं काकूचा आवाज आला, रफिक, हात मार, पाण्याले ढकल, अन् पुन्हा खाली. काकू एकट्या, गुडघे गेलेले, दिलीपभाऊ बाजारात, ट्रॅक्टरही नाही. आज कोणी काढणार नाही, हे मले पाण्याखाली एकदम साफ कळलं. अन् मी हात मारला. पाय झाडले. जसे काकू मागच्या साली बोंबलत होत्या अन् मी कधी ऐकलं नाही तसे. एक हात, दुसरा हात, तोंड वर, श्वास, पुन्हा हात, अन् बोटं दगडाले लागली, मंग कडीले. ती कडी धरून मी स्वतःच्या दंडानं स्वतःले वर वढलं. ज्या अंगाले मागच्या वेळेस तीनदा वढून हाललं नाही, ते अंग वर आलं.

काठावर आलो तं काकू थारोळ्याले टेकून बसलेल्या, तोंड पांढरंफटक. मले वाटलं शिव्या देतील. माह्या पाठीवर दोन धपाटे हाणले अन् रडाले लागल्या, म्हणे, आज पोहलास बाबू तू.

त्या दिवशी घरी येऊन नसरीनले सारं सांगतलं, पहिल्या विहिरीपासून. ती भांडली नाही. म्हणे, दरवेळेस तुम्ही विहिरीवर गेले का मी इथं दार उघडं ठेवून बसो, तुम्हाले पोहता येते म्हणूनच मले धीर होता, अन् तो धीरही खोटा होता. ते वाक्य मले आजही टोचते.

आता तिसरं वर्ष. वजन अठ्ठ्याहत्तरवर थांबलं, त्याच्या खाली जात नाही, जाऊ नये. विहिरी पुन्हा माह्याकडंच आल्या, आता दोन्ही हातानं काम करतो. तो व्हिडिओ अजूनही फिरते, फिरू द्या. अन् नसरीनले शुगर निंगाली, डॉक्टर म्हणे चाला, फिरा, तं ती माह्यासोबत निंगाली, अन् मागच्या महिन्यात काकूच्या विहिरीजवळ थांबून म्हणे, मीही उतरते. विहिरीवर आम्ही तिघंच असतो, ती सलवार-कुर्त्यातच उतरते, डबा तोच तेलाचा. काकूचं म्हातारपण, आवाज बसला, म्हणून काठावर आता मी बसतो.

काल तिनं डबा सोडला. मी पाहून राह्यलो, तिचे पाय खाली जात होते, हळूहळू, जसे माहे गेले होते, अन् माह्या पोटात तोच पट्टा आवळला, उडी माराले उठलो. काकूनं माहा हात धरला. म्हणे, थांब, तिले मारू दे हात. तेवढा वेळ मले माह्या जन्मात कधी एवढा मोठा लागला नाही. मंग तिनं हात मारला. कडीले लागली, वर पाह्यलं, अन् हसली. अल्ला तिले अन् काकूले सलामत ठेवो, एवढंच मागतो, बाकी काही मागाचं राह्यलं नाही.