झूटरमेरची धाकटी गौर

हसू नका, पण नेदरलँड्समधल्या आमच्या झूटरमेरच्या घरी एका वर्षी धाकटी गौर चक्क अंगोलाहून आली होती!

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आई पुण्याहून गौरींचे मुखवटे घेऊन आली आणि बॅग उघडते तर धाकटीचे दोन तुकडे. मी म्हटलं, "यंदा थोरलीला एकटीलाच बसव."

"बहिणीशिवाय ती जेवेल का रे?" म्हणत आईने भिंतीकडे पाहिलं. तिथे आमच्या शेजारी राहणाऱ्या, मूळच्या अंगोलाच्या ज्वावने भेट दिलेला, त्याच्या चोक्वे लोकांचा लाकडी मुखवटा होता. बाईचा चेहरा, अर्धवट मिटलेले डोळे, कपाळावर कोरलेली नक्षी.

"गोंदण आहे. घरंदाज दिसते," आई म्हणाली. संध्याकाळी ऑफिसातून येतो तर बाई पैठणी नेसून, चापाची नथ घालून थोरलीशेजारी उभ्या!

आणि गौरीजेवणाला मी बोलावलं होतं कोणाला? ज्वावलाच. तो थेट तिच्यापुढे गेला आणि वाकून तिची नथ निरखू लागला. मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात तोच इंग्रजीत म्हणाला, "किती छान नटवलंय! पण आमच्याकडे ही नुसती उभी राहत नाही, नाचते. म्हणजे एखादा पुरुष हा मुखवटा लावून, बायकी कपडे घालून नाचतो."

मी हुश्श केलं आणि आईला सगळं मराठीत सांगितलं. तिथेच चुकलो.

आईने गंभीरपणे मान हलवली. "माहेरवाशिणीची रीत मोडायची नाही," म्हणाली, आणि माझ्याकडे बोट दाखवत माझ्या बायकोकडे वळली. "मुग्धा, याला तुझी एखादी साडी दे गं."