पडावातला लोटा

आमचं घर गावाबाहेर, रत्नागिरीपासून चार कोस आत, कातळाच्या कडेला, आणि लपवायचं काय, लिहून घ्या, आम्ही महार. बाबा गावाची वर्दी द्यायचे, आई गवताचे भारे डोक्यावरून बाजारात न्यायची, आणि पावसाळ्यात नाचणीची आंबीलसुद्धा दोन्ही वेळा मिळेलच असं नव्हतं. पण त्या भुकेचं मला एवढं नाही, तहानेचं आहे. पाणी आम्हाला कुणी हातात दिलंच नाही कधी. वाकायचं, ओंजळ तोंडाशी धरायची, वरून कुणीतरी ओतणार, तेही त्याच्या मनात असेल तेवढं. शाळेतही तेच. काय सांगू तुम्हाला, पाणी म्हटलं की आमचे हात आपोआप जुळायचे.

तर मॅट्रिक झालो, मुंबईच्या कॉलेजात नाव घालायचं होतं, दोन दिवसांत पोचलो नाही तर वर्ष गेलं. बंदरावर आलो. आगबोट लांब खोल पाण्यात उभी, तिथवर पडावातून जायचं. पडाव भरला, सुटायचा होता, आणि ऊन असं की डोळ्यांपुढे अंधारी. शेजारी एक दालदीण बसलेली, म्हणजे मुसलमान कोळीण, नवरा त्याच आगबोटीवर खलाशी. तिनं माझं तोंड बघितलं आणि लोटा पुढं केला. आणि मी काय करावं? वाकलो, ओंजळ धरली. ती बघतच राहिली. म्हणाली, काय झाला रे हातांना तुज्या? धर की लोटा, मी काय तुला न्हाऊ घालतंय?

हसले सगळे. मी लोटा हातात घेतला. पण समोरच्या काळ्या टोपीवाल्याला त्या ओंजळीवरून बरोबर कळलं होतं. कोणाचा रे तू? मी म्हटलं, महाराचा. आणि त्याच्याकडे बघत लोटा तोंडाला लावला, अर्धा संपवला. झालं. तो पडाव हाकणाऱ्या तांडेलाला म्हणतो, उतरव याला, मागच्या पडावानं येईल. मागचा पडाव आगबोट गाठणार नव्हता, त्याला ठाऊक, मला ठाऊक. मी म्हटलं, उतरणार नाही, उचलून टाका. तर मला हात लावायचा म्हणजे पुन्हा विटाळ! तो जागचा हलेना. तांडेल माझ्याकडे बघेना.

तेव्हा त्या बाईनं माझ्या हातातला तोच उष्टा लोटा घेतला, उरलेलं पाणी घटाघटा प्याली, तोंड पुसलं, आणि म्हणाली, तांडेलभाऊ, उतरवायचा तर दोघांना उतरव, आणि वरती माझा घोव उभा आहे, त्याला काय सांगायचा ते तूच सांग.

तांडेलाला हसू फुटलं. मारा रे वल्ही, म्हणाला.

तिनं माझं नाव विचारलं नाही, मीही तिचं नाही. बोटीवर गर्दीत गेली ती गेलीच. मी वेळेत पोचलो, नाव घातलं. पुढे मुंबईतही ओंजळ धर म्हणणारे भेटले, नाही असं नाही, तिथून तहानलेला उठून आलो, पण पाण्यासाठी हात पुन्हा जुळवले नाहीत.

आता आमच्या पडवीत लोटा भरलेला असतो. येईल त्याच्या हातात देतो, तो टोपीवाला आला तरी देईन, वरून ओतणार मात्र नाही.

आणि हे शेवटी लिहा, ठळक लिहा. मी बी.ए. झालो. आमच्या वस्तीतला पहिला.