आतून कडी

हवा म्हणाल तर त्या दिवशी पान हलत नव्हतं. आभाळ सकाळपासून मळकट, ओलं फडकं वाळत घातल्यासारखं वर पसरलेलं. पाऊस पडेल म्हणावं तर पडत नाही, ऊन पडेल म्हणावं तर तेही नाही, सदरा अंगाला चिकटलेला... आणि नेमका असा दिवस बघून आमच्या संडासाचा उंबरा फोडायला गवंडी आला. तुम्हाला सांगतो, घरभर सिमेंटची धूळ, आमची ही नाकाला रुमाल लावून बसलेली, सून भांड्यांवर चादरी टाकत धावतेय, आणि मी? मी माझ्या चाकाच्या खुर्चीत, रंगकामाच्या वेळी कपाट ढकलतात ना कोपऱ्यात, तसा ढकललेला. आणि हे सगळं कुणासाठी चाललेलं? माझ्यासाठी! माझं मागणं तरी काय मोठं होतं? मला फक्त दार लावून बसायचं होतं हो!

त्याचं असं आहे, दीड वर्षापूर्वी माझी डावी बाजू गेली. हात लोंबतो, पाय फरफटतो. पण उजवीकडचा मी अगदी ठणठणीत आहे. सुई ओठात धरून उजव्या हाताने दोरा ओवतो अजून, तुम्ही बघा बरं करून! शिंपी माणूस मी. शाळेची पायरी चढलो नाही, पण चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली म्हणून सगळी गल्ली मला मास्तर म्हणते. असा हा बिनशाळेचा मास्तर रोज सकाळी पोराच्या गळ्यात हात टाकून संडासात जायचा. पोरगा गुणी, बोलायला जागा नाही. मला उंबऱ्यावरून उचलायचा, बसवायचा, आणि मी डावीकडे कलंडू नये म्हणून खांदा धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. आणि दर मिनिटाला, "बाबा, झालं?"

"अरे, सुरू तरी होऊ दे!"

"नाही नाही, सावकाश होऊ द्या. मला कामावर जायला उशीर होतोय, पण तुम्ही सावकाश."

आता सांगा, खांद्यावर पोराचा हात आणि पोराच्या हातावर घड्याळ... माणसाचं पोट काय भोंगा झाल्यावर चालू होणारी गिरणी आहे?

आणि तो नि सून कामावर गेले की दिवसभर कोण? ही. हिचे गुडघे गेलेले. ती मला धरणार, मी तिला धरणार, काड्या मोडलेल्या दोन छत्र्या एकमेकींना टेकून उभ्या कराव्यात तसे आम्ही. एकदा दोघंही खाली बसलो ते संध्याकाळी पोरगा आला तेव्हा उठलो. तेव्हापासून मी काय केलं, कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो... दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं. प्यायचंच नाही, म्हणजे जायचंच नाही. जीभ टाळूला चिकटली तरी नाही. मग व्हायचं तेच झालं, ताप भरला, दवाखाना झाला, डॉक्टर डाफरले, "पाणी का पीत नाही?" म्हटलं, तहान लागत नाही. या वयात खोटं बोलावं लागतं हो!

व्यायाम करून घ्यायला एक ताई येते माझ्याकडे. तिने मात्र बरोबर ओळखलं. सगळ्यांना बाहेर पाठवलं, समोर स्टूल घेऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हाला काय हवंय?" दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं! नाहीतर लोक येतात, माझ्या डोक्यावरून सुनेला विचारतात, "यांना चहात साखर चालते का?" अहो, डावी बाजू गेलीय, जीभ जागच्या जागी आहे! तर मी ताईला म्हटलं, मला फक्त दार लावून बसायचंय. हसली नाही ती. कागद काढला, लिहून घेतलं. उंबरा काढायचा, म्हणजे खुर्ची थेट आत. दार बाहेर उघडणारं करायचं, म्हणजे आत पडलो तरी दाराआड अडकणार नाही. आणि भिंतीला एक स्टीलचा दांडा, तो धरून बसायचं, तो धरून उठायचं. "बघा, एकटे जाल तुम्ही," म्हणाली. एकटे! केवढा गोड वाटला मला तो शब्द... आणि मग एकेक माणूस जमायला लागला.

गवंडी म्हणजे मोठा हरहुन्नरी. "काळजीच सोडा!" हा त्याचा मंत्र. असं जो माणूस वीस वेळा म्हणतो ना, तिथे काळजी सुरू करावी. संडासाच्या दारात उभा राहिला, टेप सोडली आणि ओरडला, "काकांचा चांगला हात कुठला?" विचारलं कुणाला? मला नाही, पोराला. पोरगा म्हणाला, उजवा. झालं! याने आपला उजवा हात वर केला, त्या हाताच्या भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली आणि लावला दांडा ठोकून. असा पक्का की बैल बांधावा.

संध्याकाळी मला मिरवत आत नेलं. उंबरा गेलेला, खुर्ची सुळकन आत. मी वळलो, बसलो, तोंड दाराकडे... आणि दांडा कुठे? डावीकडे! माझा लुळा हात त्याच्या शेजारी लोंबतोय. दोघांची ओळख नाही, पाळख नाही.

मग गवंडी डोकं खाजवत म्हणतो, "काका, जरा त्या बाजूचा हात वापरून बघा की."

अरे बाबा! तो हात वापरता आला असता तर तुला कशाला बोलावलं असतं?

अहो, पहिल्या आठवड्यात शिकवतात हे आमच्याकडे. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याचा उजवा खिसा आपल्या डाव्या हाताला येतो. हे विसरलो म्हणून उस्तादांनी लाकडी पट्टी मोडली होती माझ्या पाठीवर. माणूस कमोडवर दाराकडे तोंड करून बसतो, का भिंतीकडे? मी पाच हात लांब बसलेलो, मला एकदा आत नेऊन बसवून बघायचं की! माणसाचं माप माणसाला बाहेर ठेवून घेतात होय? पण बोललो नाही. बिचारा इतका ओशाळला होता... आणि तरी म्हणतो कसा, "काका, उलटं बसलात तर?" नात फिस्सकन हसली, तिला तिच्या आईने आत पिटाळलं.

आता दांडा दुसऱ्या भिंतीवर न्यायचा. आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे काय? शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर! भिंत म्हणजे पापडच, नुसता खिळा धरणार नाही, आरपार बोल्ट घालून पलीकडून नट आवळायचे. शेजारी जन्मभर बस चालवत होते, आता रिटायर, ड्रायव्हरसाहेब म्हणतो आम्ही त्यांना. पोरगा मान खाली घालून विचारायला गेला. त्यांची बायको म्हणाली, "माझ्या ओट्यावर यांच्या संडासाचे नट?" बरोबर आहे हो तिचं, मीही तेच म्हटलं असतं. पण ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "अगं, दांड्यावाचून माणसाचं काय होतं ते मी तीस वर्षं आरशात बघितलंय. पाडू दे भोकं." पडली भोकं. आणि ती बाई इतकी हुशार, बाहेर आलेल्या एका बोल्टावर तिने चहाची गाळणी अडकवली. तेवढीच सोय!

एवढं झाल्यावर पोरगा काय म्हणाला असेल? "बाबा, कडी नको. आतून कडी लावली आणि आत काही झालं तर?"

तेव्हा मात्र मी बोललो. आवाज चढवला नाही, मला चढवता येत नाही. म्हटलं, "बाळा, तू लहान होतास तेव्हा कपडे बदलताना मला खोलीबाहेर काढायचास, आठवतं? मी गेलो ना बाहेर?" तो उठला. मग स्वतःच स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि वरची कडी काढून माझ्या बसल्या हाताला येईल अशी खाली लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला हाक मारली नाही. एका हाताने आणि एका पायाने खुर्ची रेटत रेटत गेलो. आत शिरलो. कडी लावली, टक्! दांडा धरला, उठलो, वळलो, बसलो. पडलो नाही. आणि काय सांगू, ते पाच मिनिटांचं काम उरकलं, तरी मला उठावंसंच वाटेना. खांद्यावर हात नाही. "झालं?" नाही. दीड वर्षात मला अर्धा तास कुणी एकटं सोडलं नव्हतं हो... नळ मधूनच टिपकतोय, त्याचाही राग येईना. बसून राहिलो नुसता. आता तांब्याभर पाणी प्यायचं, दुपारीही प्यायचं, असं ठरवत होतो.

तेवढ्यात बाहेर पावलं. मग कुजबुज. मग धाडधाड, "बाबा! बाबा, बोला काहीतरी!"

"आहे रे!"

"मग उत्तर का देत नाही?"

"विचारलंस कधी?"

पलीकडून बाई कळवळून सांगतेय, "अहो, गाळणी एकदाच हलली! बसताना हलली, उठताना हललीच नाही! मी अर्धा तास बघतेय!" म्हणजे बघा, आतून कडी माझी आणि हजेरी त्यांच्या ओट्यावर!

उठलो, सावकाश आवरलं, दार उघडलं. समोर अख्खी सभा! ही भिंतीला धरून उभी. पोरगा, एका पायात बूट. सून. नात. राहिलेली फरशी बसवायला आलेला गवंडी, हातात थापी, दार फोडायच्या तयारीत. शेजारीणबाई. आणि ड्रायव्हरसाहेब. नातीने टाळ्या वाजवल्या, तर सगळ्यांनीच वाजवल्या! संडासातून बाहेर आल्याबद्दल टाळ्या घेतलेला माणूस बघितलाय का कुठे? मी उजवा हात कपाळाला लावला, काय करणार... तेव्हा ड्रायव्हरसाहेबांनी बोटाने एकेक माणूस मोजला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, जिंकलात! आजवर तुम्हाला आत न्यायला एक माणूस लागत होता, आता बाहेर वाट बघायला सात लागतात."