गुहेतली हडळ

तुम्हाला सांगते, मी भेंडी चिरत होते आणि फोन आला, की माझा धाकटा भाऊ नंदू गेला. तळोज्याच्या एका कारखान्यात तो रोलर कोस्टरसाठी फायबरची भुतं बनवायचा. म्हणायचा, "ताई, रूळ तेच, वेग तोच, नुसती भुतांची गुहा बांधली की माणसं दुप्पट ओरडतात."

महिन्याभराने त्याच्या मुलीने, मनूने, मला ओढून नेऊन त्याच्या भुतांच्या रोलर कोस्टरमध्ये बसवलं. अंधारात गाडी वळली, दिवा लागला आणि समोर हडळ. माझं नाक, माझा चष्मा, डोळे वटारणंसुद्धा माझंच! मी किंचाळले.

"आत्या, इथंच सगळे जास्त ओरडतात," मनू म्हणाली. "बाबा म्हणायचे, ताई येईल तेव्हा मला तिचं तोंड बघायचंय."

दोन वर्षं तो बोलावत होता. मी गेले नाही.